फ्रेम लिमिट किती ठेवायची? १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे तरी गेम झटके खातो, त्यावर सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेमिंग लॅपटॉप, रायझन ५ ५६००एच, आरटीएक्स ३०५० चं ४ जीबीवालं कार्ड, ८ जीबी रॅम, स्क्रीन १४४ हर्ट्झ. सायबरपंक २०७७ या गेममध्ये कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं तयार होतात तो) ४५ ते ७५ मध्ये नाचत राहतो, सरासरी काढली तर ६० येते, तरी कॅमेरा फिरवला की झटके बसतात. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या ठोक्याशी जुळवणारं सेटिंग) चालू केलं तर माऊस जड होतो, बंद केलं तर स्क्रीन मधूनच फाटल्यासारखी दिसते. एक मित्र म्हणतो फ्रेम लिमिट, म्हणजे एफपीएसची वरची मर्यादा, ६० वर लॉक कर, दुसरा म्हणतो लिमिट काढून टाक, जेवढं येईल तेवढं येऊ दे. तर नक्की किती ठेवायचं?

मी पीसी जोडून देतो, ट्यून करून देतो, लॅपटॉप उघडून साफ करतो, हेच काम आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा निवांत लिहितोय. तुझे दोन्ही मित्र तुझ्या मशीनपुरते चुकतायत. कारण दोघंही आकडा मोठा की छोटा एवढंच बघतायत, आणि स्मूथ वाटणं हे त्या आकड्यावर फार कमी अवलंबून असतं, ते अवलंबून असतं दोन फ्रेममधलं अंतर सारखं आहे का यावर.

बसचं बघ, तासाला सहा बस आहेत असं बोर्डावर लिहिलंय, पण तीन एकापाठोपाठ आल्या आणि मग अर्धा तास एकही नाही, तर बोर्ड खरंच बोलतोय पण स्टॉपवरचा माणूस वैतागलेलाच असणार. तुझा कोपऱ्यातला आकडा म्हणजे तो बोर्ड. त्याने सेकंदभरात किती फ्रेम आल्या ते मोजलं, कशा आल्या ते नाही सांगितलं.

म्हणून पहिलं काम, एफपीएसच्या आकड्यावरून नजर काढ आणि फ्रेम टाइमचा ग्राफ लाव. एमएसआय आफ्टरबर्नर टाकलं की सोबत रिव्हाट्यूनर येतं (सगळे त्याला आरटीएसएस म्हणतात), आफ्टरबर्नरच्या मॉनिटरिंगमध्ये फ्रेमटाइम निवडायचं, ऑन-स्क्रीन दाखव म्हणायचं आणि प्रकार टेक्स्टच्या ऐवजी ग्राफ करायचा. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी हे चालतं. आता गेम खेळताना खाली एक रेघ दिसेल. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ७२ म्हणजे १३.९, ४८ म्हणजे २०.८, ३० म्हणजे ३३.३. रेघ सपाट असेल तर गेम स्मूथ वाटणार, मग आकडा ५० का असेना. रेघ करवतीच्या दातासारखी असेल तर ९० एफपीएसला पण डोळ्याला टोचणार. आणि रेघ सपाट आहे पण मधूनच एखादा सुळका ८०-१०० मिलिसेकंदांपर्यंत जातोय, तर तो वेगळाच आजार आहे, त्यावर फ्रेम लिमिटचा काही उपयोग नाही, ते खाली सांगतो.

आता लिमिट कुठून ठरवायची तर गेममधल्या सगळ्यात वाईट जागेवरून. लोक काय करतात, गेममधला बेंचमार्क (वेग मोजायची तयार चाचणी) चालवतात, सरासरी ६८ आली की ६० ची लिमिट लावून मोकळे होतात. सायबरपंकचा बेंचमार्क प्रोसेसरवर तेवढा जोर देतच नाही जेवढा शहरातली गर्दी देते. तू जिग-जिग स्ट्रीटला जा, नाहीतर चेरी ब्लॉसम मार्केटला, गर्दीतून धावत जा, कॅमेरा गोल फिरव, फँटम लिबर्टी घेतलं असेल तर डॉगटाउनमध्ये गाडी पळव. विचर ३ असेल तर नोव्हिग्राड, रेड डेड २ असेल तर सेंट डेनिस, बाल्डर्स गेट ३ असेल तर तिसऱ्या अंकातलं शहर, प्रत्येक मोठ्या गेमला अशी एक जागा असते जिथे भल्याभल्या मशीनला घाम फुटतो. तिथे लिमिट काढून पाच-दहा मिनिटं फिर आणि आकडा सर्वात खाली कुठे जातो, आणि जाऊन तिथेच रेंगाळतो, ते बघ. क्षणभर आलेला सुळका सोड. समजा तिथे तो ५० ला रेंगाळतोय. तर तुझ्या मशीनची या सेटिंगवरची खरी ताकद ५० आहे, ७५ नाही. लिमिट ५० च्या जरा खाली बसली पाहिजे, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर मशीनला आराम मिळतो आणि गर्दीत ती कमी पडत नाही, रेघ दोन्हीकडे सारखी राहते.

आणि हे टेस्टिंग लॅपटॉप चालू केल्या केल्या करू नको. पहिली दहा मिनिटं प्रत्येक लॅपटॉप वाघ असतो. अर्धा तास गेम चालला, आतला तांब्याचा पाइप तापला, पंखे फुल झाले की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आपला क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतात, तेव्हा जो आकडा येतो तो धर. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या आसपास तापमान असतं, तिकडच्या मुलाने डिसेंबरात लावलेली लिमिट उन्हाळ्यात टिकत नाही हे मी बघितलंय, मग ते म्हणतात अपडेटने गेम बिघडवला. गेम नाही बिघडला, हवा तापली. त्यात अजून एक गोष्ट, लॅपटॉपचं ३०५० हे एकच कार्ड नसतं, नाव एकच पण ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कंपनीने जसं बसवलं तसं, त्यामुळे यूट्यूबवर कुणाच्या ३०५० ला ७० आले म्हणून तुझ्याला आले पाहिजेत असं काही नाही. तुलना करूच नको.

आता दुसरा भाग, स्क्रीनचा. इथेच '६० वर लॉक कर' हा सल्ला तुझ्याकडे फसतो. तुझी स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते, म्हणजे दर ६.९४ मिलिसेकंदाला एकदा. १४४ ला ६० ने भाग, २.४ येतात. पण एक फ्रेम २.४ वेळा दाखवता येत नाही, दोनदा नाहीतर तीनदाच दाखवता येते. मग काय होतं, व्ही-सिंक चालू असेल तर पाच फ्रेमपैकी तीन फ्रेम दोन-दोन वेळा दिसतात, म्हणजे १३.९ मिलिसेकंद, आणि दोन फ्रेम तीन-तीन वेळा, म्हणजे २०.८ मिलिसेकंद. तुझी गेम अगदी शिस्तीत दर १६.७ ला फ्रेम देतेय, ग्राफ एकदम सपाट आहे, तरी डोळ्यापर्यंत पोचताना अंतर कमी-जास्त होतंय. कॅमेरा हळू फिरवताना जी बारीक थरथर दिसते ती हीच. म्हणून साध्या १४४ च्या स्क्रीनवर ७२ किंवा ४८ किंवा ३६ अशी पूर्ण भाग जाणारी लिमिट पाहिजे. १२० च्या स्क्रीनवर ६०, ४०, ३०. १६५ वर ५५ चांगली बसते. ७५ हर्ट्झचे स्वस्त मॉनिटर आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यावर ६० ची लिमिट लावली की दर चौथी फ्रेम दुप्पट वेळ थांबते, सेकंदाला पंधरा झटके, अगदी नियमाने. त्या लोकांना मी सरळ सांगतो की मशीन ७५ टिकवू शकत नसेल तर विंडोजमध्ये जाऊन मॉनिटरच ६० वर आण, अभिमान बाजूला ठेव, लगेच फरक दिसेल.

हे सगळं भागाकाराचं लफडं कधी लागत नाही, तर स्क्रीनला व्हेरिएबल रिफ्रेश असेल तेव्हा. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, मग एएमडीचं फ्रीसिंक आलं, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची १० सिरीज आणि पुढची कार्डं फ्रीसिंकच्या मॉनिटरवर पण डिस्प्लेपोर्टने हे करायला लागली. यात स्क्रीन घड्याळाप्रमाणे न बदलता फ्रेम तयार झाली की बदलते. मग ५३ लिमिट ठेव नाहीतर ६७, भाग जातोय का हे बघायचं कारणच उरत नाही. पण यालाही हद्द असते, मॉनिटरच्या बॉक्सवर नाहीतर एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ ते १४४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. वरची हद्द ओलांडली की परत व्ही-सिंकसारखं थांबणं नाहीतर फाटणं सुरू, म्हणून १४४ वाल्याने लिमिट १४१ किंवा त्याखाली ठेवायची, १६५ वाल्याने १६२. खालची हद्द ओलांडली तर मोठी रेंज असलेले मॉनिटर एकच फ्रेम दोनदा दाखवून सांभाळून घेतात, ४० एफपीएस असेल तर स्क्रीन ८० हर्ट्झवर जाते. पण ज्यांची रेंज ४८ ते ७५ एवढीच आहे त्यांना हे जमत नाही, कारण ४८ ची दुप्पट ७५ मध्ये मावत नाही, तर त्यांनी काहीही करून ४८ च्या खाली जायचं नाही असं सेटिंग ठेवायचं. आणि व्हेरिएबल रिफ्रेश असेल तर ड्रायव्हरच्या पॅनलमधून व्ही-सिंक चालू, गेममधून बंद, आणि लिमिट वरच्या हद्दीच्या खाली, ही जोडी लाव. व्ही-सिंकचं नाव ऐकून घाबरू नको, अशा वेळी ते फक्त काठावरचं फाटणं थांबवतं, माऊस जड करत नाही.

तुझ्या लॅपटॉपमध्ये हे आहे की नाही बघ. या लेव्हलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते, एनव्हिडियाच्या कार्डाला नाही, त्यामुळे एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये जी-सिंकचा पर्याय दिसणारच नाही. एएमडीचं सॉफ्टवेअर उघड, डिस्प्लेमध्ये फ्रीसिंक दिसतंय का बघ. दिसलं तर चालू कर, तुझं अर्धं काम झालं. नाही दिसलं तर ७२ किंवा ४८.

आता माऊस जड का होतो ते सांगतो, कारण इथे लोक सगळा दोष व्ही-सिंकला देतात आणि अर्धंच बरोबर असतात. तुझं कार्ड जेव्हा ९८-९९ टक्के चालतंय तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करून रांगेत ठेवत जातो, कार्ड मागे पडलेलं असतं, म्हणजे तू माऊस हलवलास ती हालचाल रांगेत उभी राहते आणि मग स्क्रीनवर येते. त्यात वर व्ही-सिंकचं थांबणं जोडलं गेलं की हात आणि डोळा यांची फारकत होते. लिमिट अशी लावली की कार्ड ८५-९० टक्क्यांवर राहील तर ती रांगच तयार होत नाही. म्हणून कितीतरी वेळा असं होतं की ६०-७० वर उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ४८ वर बांधलेला गेम हाताला हलका लागतो. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघ. गेममध्ये एनव्हिडियाचं रिफ्लेक्स असेल (सायबरपंकमध्ये आहे) तर तेही चालू ठेव, ते हीच रांग छोटी ठेवायचं काम करतं.

लिमिट लावायची कुठून? गेमच्या आतून लावली तर माऊसला सगळ्यात चांगलं, कारण गेम नवीन इनपुट घ्यायच्या आधीच थांबते. आरटीएसएसने लावली तर ग्राफ सगळ्यात सपाट येतो पण थोडासा उशीर वाढतो. एनव्हिडियाच्या पॅनलमधलं मॅक्स फ्रेम रेट २०२० पासून आहे, तेही ठीकठाक. माझी पद्धत अशी की नेमबाजीच्या गेमला आतली लिमिट, निवांत फिरायच्या गेमला आरटीएसएस. काही गेमची आतली लिमिट इतकी भिकार असते की ६० लावली की रेघ १४ आणि १९ मध्ये उड्या मारते, तिथे ती बंद करून आरटीएसएसच लावायचं. पण लिमिट एकाच जागी. गेममध्ये ६०, ड्रायव्हरमध्ये ६०, आरटीएसएसमध्ये ६० आणि वर व्ही-सिंक अशी चार कुलपं लावलेली मशीन माझ्याकडे येतात, ती चारही एकमेकांना धक्के देतात आणि मालक म्हणतो मी तर सगळं केलं. तीन काढ.

एक बारीक युक्ती ज्यांच्याकडे साधी ६० हर्ट्झची स्क्रीन आहे त्यांच्यासाठी. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये खरा रिफ्रेश बघा, तिथे ६० नसून ५९.९५ असं काही असतं. आरटीएसएस दशांशातली लिमिट घेतं, तर व्ही-सिंक चालू ठेवून लिमिट त्याच्या एक शतांश खाली लावा, म्हणजे ५९.९४. फ्रेम स्क्रीनच्या दारात तुंबून राहत नाहीत आणि व्ही-सिंकचा जडपणा बराच उतरतो. अर्थात मशीन ६० टिकवत असेल तरच. टिकवत नसेल तर जुन्या पद्धतीच्या व्ही-सिंकमध्ये १६.७ चुकली की थेट ३३.३, म्हणजे ६० वरून धाडकन ३०, आणि ते वरखाली होणं सगळ्यात वाईट दिसतं, त्यापेक्षा ३० ला बांधलेला गेम बरा.

३० चा विषय निघालाच तर, 'डोळ्याला २४ च दिसतात, सिनेमा बघ ना' हे वाक्य कृपा करून कुणी बोलू नका. सिनेमाच्या प्रत्येक फ्रेममध्ये साधारण सेकंदाच्या ४८ व्या भागाची हालचाल पुसट होऊन टिपलेली असते, आणि तो कॅमेरा तुम्ही हाताने फिरवत नसता. गेमची फ्रेम म्हणजे एका क्षणाचं कोरडं चित्र, आणि माऊस तुमच्या हातात. ३० ला कंट्रोलर घेऊन, मोशन ब्लर चालू ठेवून गोष्टीचा गेम आरामात खेळता येतो, माऊसने नेमबाजी करायला ते कमीच पडतं.

पण ३० आणि ६० च्या मध्ये ४० हा फार चांगला आकडा आहे आणि आपल्याकडे कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. आकड्यात बघितलं तर ४० हे ३० च्या जवळ वाटतं, पण वेळेत बघ, ३० म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, ४० म्हणजे २५, ६० म्हणजे १६.७. बरोब्बर मध्यावर. प्लेस्टेशन ५ वर रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टला २०२१ मध्ये १२० हर्ट्झच्या टीव्हीसाठी ४० चा मोड दिला तो याच हिशोबाने, स्टीम डेकवाले पण स्क्रीन ४० हर्ट्झवर आणून खेळतात. तुझ्या १४४ वर त्याचा भाऊ म्हणजे ४८. आणि वरच्या टोकाला हेच गणित उलटं लागतं, ६० वरून १४४ ला गेलास तर फ्रेममागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० ला गेलास तर पावणेतीन. म्हणून २४० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी पैसे टाकायच्या आधी जरा थांबून विचार करा एवढंच म्हणेन.

मग लिमिट काढून टाक म्हणणारा मित्र कुठे बरोबर आहे? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अशा स्पर्धेच्या गेममध्ये. तिथे ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर पण २५० एफपीएसचा फायदा आहे, कारण स्क्रीन जेव्हा चित्र उचलते तेव्हा ते जास्त ताजं असतं, फाटलेलं दिसेल पण शत्रू जरा लवकर दिसेल. तरी तिथेसुद्धा अगदी मोकळं सोडण्यापेक्षा मशीन गर्दीच्या राउंडमध्ये जेवढं टिकवते तेवढ्यावर बांधलं तर निशाणा जास्त एकसारखा लागतो, १८० ते ३०० मध्ये हेलकावण्यापेक्षा १८० कायम. लॅपटॉपवर तर नक्कीच, उष्णता वाचते ती वेगळीच.

आणि मेनूची लिमिट विसरू नका, हे मी कळकळीने सांगतो. मेनूत काढायला काहीच नसतं म्हणून कार्ड हजार-दोन हजार फ्रेम काढत बसतं, पंखे ओरडायला लागतात. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा हेच झालं होतं, मग ब्लिझर्डने सेटिंगच्या फाइलमध्ये फ्रेम लिमिटच्या दोन ओळी टाकायला सांगितल्या, खेळताना ६० आणि मेनूला ३०. २०२१ च्या जुलैत न्यू वर्ल्डच्या बीटामध्ये काही आरटीएक्स ३०९० कार्डं मेली, त्यात मूळ दोष कार्डांमधलाच होता, पण गेमवाल्यांनी लगेच मेनूला लिमिट घातली. तेव्हा ड्रायव्हरमधून सगळ्या गेमला मिळून एक ढोबळ लिमिट लावून ठेवायची, स्क्रीनचा हर्ट्झ उणे तीन, आणि मग गेमप्रमाणे बदलायची. बॅकग्राउंड मॅक्स फ्रेम रेट २० करून ठेव, ऑल्ट-टॅब केलं की कार्ड शांत.

काही गेमना मात्र आपण ठरवलेली लिमिट चालतच नाही. एल्डन रिंग ६० वर बांधलेलाच येतो. जुना स्कायरिम ६० च्या वर नेला की टेबलावरची भांडी हवेत उडतात, कारण त्याचं फिजिक्स फ्रेमला बांधलेलं आहे. नीड फॉर स्पीड रायव्हल्स ३० ला होता, लोकांनी ६० केला तर अख्खा गेमच दुप्पट वेगाने पळायला लागला. आणि क्वेक ३ मध्ये १२५ वर लिमिट लावली की उडी किंचित उंच जायची, कारण १००० भागिले १२५ म्हणजे पूर्ण ८ मिलिसेकंद आणि गेमचा हिशोब पूर्ण मिलिसेकंदात, त्यामुळे सगळे खेळाडू १२५ वरच खेळायचे. जुना गेम विचित्र वागला तर आधी ६० लावून बघायचं.

बरं, आता तुझ्या मशीनचं. ४५ ते ७५ हा नाच मला जास्त रॅमचा वाटतोय. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे स्लॉट्स यूज्ड लिहिलेलं असतं. '२ पैकी १' असं दिसलं तर ८ जीबीची एकच कांडी आहे, म्हणजे प्रोसेसरला रॅमकडून दोनऐवजी एकाच नळाने माल येतोय, आणि विंडोजसकट सायबरपंकला ८ जीबी पुरतही नाही. तशीच अजून एक ८ ची कांडी टाक, त्याच स्पीडची. एवढ्या पैशात यापेक्षा जास्त फरक देणारी गोष्ट मला माहीत नाही, सरासरी थोडी वाढेल पण तळाचा आकडा चांगलाच वर येईल, आणि आपण लिमिट तळावरून ठरवतो.

मग बघ की अडतंय कोण, कार्ड की प्रोसेसर. त्या गर्दीच्या जागी उभा राहा आणि रेझोल्यूशन ७२० पी कर. आकडा वाढला तर कार्ड अडत होतं, तर डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवरून बॅलन्स्डवर आण, सावल्या, व्हॉल्यूमेट्रिक धुकं, रिफ्लेक्शन कमी कर, रे ट्रेसिंग या कार्डावर विसर. आकडा तेवढाच राहिला तर प्रोसेसर अडतोय, तिथे डीएलएसएसने काहीच होणार नाही, क्राउड डेन्सिटी कमी कर. टेक्श्चर मात्र मीडियमच्या वर नेऊ नको, कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की माल रॅममधून ये-जा करायला लागतो आणि तेच ते सुळके येतात जे लिमिट लावून जात नाहीत.

सुळक्यांची बाकी कारणं पटकन सांगतो. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर घे. नवीन ड्रायव्हर टाकल्यावर शेडर (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) परत बनतात, पहिला अर्धा तास गेम अडखळणारच, 'कंपाइलिंग शेडर्स' येतं तिथे थांब, स्किप करू नको. अनरिअल इंजिनच्या बऱ्याच गेममध्ये नवीन भाग लोड होताना झटका येतो तो मोठ्या कार्डालाही येतो, त्यावर तुझ्या हातात काही नाही.

लाईट गेल्यावर गेम एकदम ३० वर आला तर घाबरू नको, बॅटरीवर एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट आपोआप ३० ची लिमिट लावतं. काही लॅपटॉप बॅटरीवर स्क्रीनच ६० हर्ट्झ करतात आणि परत चार्जर लावल्यावर ती १४४ वर येईलच असं नाही, ते विंडोजमध्ये जाऊन एकदा तपास. डेस्कटॉपवाल्यांनी तर नक्की तपासा, १४४ चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर वापरणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि केबल कार्डाच्या ऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेले पण.

फ्रेम जनरेशनचा मोह होईल. डीएलएसएसवालं ४० सिरीजपासून पुढे आहे, तुझ्या ३०५० वर एएमडीच्या एफएसआर ३ चं चालतं. पण ते मधली फ्रेम स्वतः बनवून घालतं, तुझा माऊस मूळ फ्रेमच्याच वेगाने ऐकला जातो, उलट थोडा उशिराच. मूळचे ६० च्या आसपास टिकत असतील तर त्यावर चढवलेलं छान दिसतं, मूळचे ४० असताना ८० दाखवलेस तर दिसायला पाणी आणि हाताला चिखल. आणि लिमिट लावलीस तर ती बनवलेल्या फ्रेमसकट मोजली जाते, ७२ लावली म्हणजे मूळचे ३६ च, हे लक्षात ठेव.

क्रम असा कर: रॅम टाक, मागच्या बाजूने लॅपटॉप इंचभर उचल, पंखे साफ करून घे, सेटिंग वर सांगितली तशी कर, अर्धा तास गेम चालू दे, जिग-जिग स्ट्रीटला जाऊन तळाचा आकडा बघ. ५० च्या वर टिकला तर आरटीएसएसमध्ये ४८ लाव, व्ही-सिंक चालू, रिफ्लेक्स चालू, आणि कार्ड ९० टक्क्यांच्या खाली राहतंय ना एवढं बघ. फ्रीसिंक सापडलं तर ४८ चा हट्ट नाही, तळाच्या दोन-तीन खाली जो आकडा येईल तो लाव. सावल्या अजून उतरवून ७२ कधी टिकतील असं मला या कार्डावर शहरात वाटत नाही, पण इतर हलक्या गेममध्ये ७२ आरामात मिळेल, तिथे ४८ वर अडकून राहू नको, प्रत्येक गेमचं आरटीएसएसमध्ये वेगळं प्रोफाइल बनतं.

हे झालं की रॅमचे स्लॉट, ७२० पी ला आकडा हलला की नाही, आणि अर्ध्या तासानंतर कार्ड-प्रोसेसरचं तापमान, एवढं लिहून टाक, त्यावरून पुढचं सांगतो.